पीएचडीसाठी प्लॉट विकायचा का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळून):

पत्रलेखिका २४ वर्षांची, पुण्यातच शिकलेली, बायोइन्फर्मॅटिक्समध्ये (जैविक माहितीचे संगणकावर विश्लेषण) एमएस्सी. कम्प्युटेशनल बायोलॉजीत पीएचडी करायची इच्छा. गेले वर्षभर ती देशातल्या आणि परदेशातल्या प्राध्यापकांना मेल पाठवते आहे. शेकड्याने मेल गेले, उत्तरे बोटांवर मोजण्याइतकी, तीही ‘सध्या जागा नाही’ अशी. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा दिली, तिच्यातून मिळणारी जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) थोडक्यात हुकली. आता एका परदेशी विद्यापीठाकडून पीएचडीच्या प्रवेशाचे पत्र आले आहे, पण फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही तिनेच करायचे. बाबा म्हणतात, तळेगावचा प्लॉट विकू. आई म्हणते, हिंजवडीतली आयटीची नोकरी आली आहे, ती घे. पत्रासोबत सीव्ही आणि ती पाठवते त्या मेलचा नमुना आहे. तिचा प्रश्न असा: ‘ताई, माझी लायकी नाही म्हणून मला कुणी फंडिंग देत नाही का? आणि तसे असेल तर स्वतःच्या पैशाने पीएचडी करण्यात चूक काय?’

प्रिय मैत्रिणी,

प्लॉटचे आधी बोलू, कारण त्या विद्यापीठाने उत्तर द्यायला मुदत दिली आहे.

प्लॉट विकू नका. इतके स्पष्ट लिहिते, कारण घरात असे निर्णय प्रेमापोटी होतात आणि मग कुणालाच नाही म्हणवत नाही. जीवशास्त्रातली पीएचडी हे पूर्ण वेळेचे काम आहे. चांगल्या लॅबमध्ये, देशात काय नि परदेशात काय, त्या कामाचे विद्यावेतन किंवा पगार मिळतो. जिथे तुझ्याकडूनच फी घेतात तिथे गाईडने तुझ्या कामात स्वतःचे काहीच गुंतवलेले नसते. तीन वर्षांची साडेचार झाली तर भुर्दंड बाबांना. सर्व्हरचा वेळ, नवे सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरे वाचणे), परिषदांचा प्रवास यांचे पैसे कुठून येणार, हे वेगळेच. बाहेरची शिष्यवृत्ती घेऊन जाणारी मुले असतात, त्यांची गोष्ट निराळी. खात्री करायची असेल तर त्या गाईडला मेलवर विचार: तुमच्या आधीच्या विद्यार्थ्यांचा खर्च कुणी केला आणि ते आज कुठे आहेत? उत्तर सरळ आले तर घरी चर्चा करा. गोलमोल आले तर विषय संपला. प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का, हेही त्याच मेलमध्ये विचारून घे.

आता लायकीचे. फंडिंग म्हणजे हुशार मुलांना मिळणारे बक्षीस, असे तू धरून चालली आहेस. तुझ्या पत्रातला सगळा कडवटपणा तिथून आला आहे, म्हणून पैसा कसा येतो ते आधी बघू.

एखादी प्राध्यापक डीबीटी, आयसीएमआर किंवा एएनआरएफ (जुन्या एसईआरबीची जागा आता याने घेतली आहे) अशा संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे प्रकल्पाचा प्रस्ताव पाठवते. तो मंजूर होतो तेव्हा पत्रातच लिहिलेले असते: अमुक वर्षे, एक जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) किंवा एक प्रोजेक्ट असोसिएट (प्रकल्पापुरता नेमलेला सहायक), इतके विद्यावेतन. ते पत्र येण्याआधी तू तिला कितीही आवडलीस तरी ती तुला घेऊ शकत नाही. पत्र आल्यावर मात्र तिला माणूस लवकर हवा असतो, कारण प्रकल्पाचे घड्याळ सुरू झालेले असते. तुझे बहुतेक मेल पत्र येण्याआधी किंवा जागा भरून झाल्यावर पोहोचले असावेत. ‘भाड्याने देणे’ची पाटी नसलेल्या घराची बेल वाजवत राहिलीस आणि आतून कुणी आले नाही, तर दोष तुझा ठरत नाही. मी प्रकल्पांच्या मुलाखती घेणाऱ्या समित्यांवर बसले आहे. अर्जांचा ढीग असतो, पण जाहिरात नीट वाचून, त्या कामासाठीच केलेला अर्ज त्यात क्वचित सापडतो.

म्हणून मेल लिहिण्याआधी पैसा कुठे मंजूर झाला आहे ते शोध. ही माहिती बऱ्याच प्रमाणात उघडी असते. आवडलेल्या ताज्या शोधनिबंधाच्या शेवटी निधी कुणी दिला ते छापलेले असते. संशोधकांना निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या फेलोंची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. युरोपीय संघाने निधी दिलेले प्रकल्प ‘कॉर्डिस’वर सापडतात, जर्मनीतल्या डीएफजी या निधीसंस्थेचे ‘गेप्रिस’वर, अमेरिकेतल्या एनआयएच या निधीसंस्थेचे ‘रिपोर्टर’वर. युरोपीय संशोधन परिषदेची (ईआरसी) स्टार्टिंग ग्रँट मिळालेल्या तरुण संशोधकाकडे पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत निधी येतो आणि त्यातला मोठा वाटा माणसे नेमण्यावर जातो. ती नावे जाहीर झाली की पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या लॅबच्या जाहिराती येऊ लागतात. नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांकडेही लक्ष ठेव. त्यांना पहिले विद्यार्थी हवे असतात आणि बहुतेकदा ते आपले मेल स्वतः वाचतात.

परीक्षांकडेही याच नजरेने बघ. जेआरएफ मिळाली की पैसा तुझ्या नावाने येतो आणि गाईडला तो शोधावा लागत नाही. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाल्यावर ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. पुण्यात राहायला हे पुरते. पण काही वेळा विद्यावेतन महिनोन्‌महिने रखडते, तेव्हा तीन-चार महिन्यांची शिल्लक हाताशी असलेली बरी.

नेट पुन्हा दे, पण वेगळ्या पद्धतीने. जीवशास्त्राच्या पेपरात ‘क’ भागात ७५ प्रश्न असतात आणि त्यातले २५ च सोडवायचे असतात, प्रत्येकी ४ गुण. म्हणजे अभ्यासक्रमातली काही युनिट्स पूर्ण सोडून देता येतात. वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र पाठ करत बसण्यापेक्षा परिसंस्था, उत्क्रांती आणि संशोधन पद्धती ही युनिट्स पक्की कर. आकड्यांशी मैत्री असणाऱ्यांना तिथले प्रश्न सोपे जातात. ‘अ’ भाग सर्वसाधारण तर्क-गणिताचा, तिथले गुण तुझ्यासारखीने सोडू नयेत. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो, त्यामुळे जेआरएफ हुकली तरी पीएचडी प्रवेशासाठीची पात्रता मिळू शकते. सीएसआयआरच्या जेआरएफला महिलांना वयात पाच वर्षांची सवलत आहे, तेव्हा २४ व्या वर्षी ‘वय निघून चालले’ हा धसका नको. नेटखेरीज इतर परीक्षाही आहेत: डीबीटीची बीईटी आहे, गेट आहे (जैवतंत्रज्ञानाचा बीटी किंवा जीवविज्ञानाचा एक्सएल पेपर, स्कोअर तीन वर्षे चालतो), मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची जेजीईईबीआयएलएस आहे. चेन्नईच्या आयएमएससीत (गणितीय विज्ञान संस्था) कम्प्युटेशनल बायोलॉजीची स्वतंत्र पीएचडी आहे. दिल्लीच्या ट्रिपल आयटीत या विषयाचा विभाग आहे, हैदराबादच्या ट्रिपल आयटीत केंद्र आहे. पुण्यात वाढलेली मुले मुंबई-बंगळुरूच्या पलीकडे क्वचित बघतात, म्हणून ही नावे मुद्दाम दिली.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट, जी या क्षेत्रातल्या मुलांना बहुधा कुणी सांगत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडी विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. आधी पीएचडीची नोंदणी आणि मग अर्ज असा क्रम असतो. त्यामुळे गाईड नक्की करतानाच त्या वर्षीची जाहिरात वाचून ठेवायची आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवायचे.

पुण्याबद्दल. तुझ्या पत्रात जर्मनी आहे, कॅनडा आहे, पण पुण्यातल्या संशोधन संस्थांचा पाषाण रोड नाही. आयसर, एनसीएल, विद्यापीठाच्या आवारातले एनसीसीएस, विद्यापीठातलाच बायोइन्फर्मॅटिक्स विभाग, आघारकर संस्था, एनआयव्ही, सी-डॅक: हे सगळे तुझ्या दुचाकीच्या टप्प्यात आहे. या संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रकल्पांच्या जाहिराती लागतात, बऱ्याचदा अर्जाला दोन-तीन आठवडेच देतात, कधी थेट वॉक-इन असते. दर सोमवारी सकाळी सगळी पाने उघडून बघायची सवय लाव. प्रोजेक्ट असोसिएटच्या पदाला नेट लागतेच असे नाही. पद प्रकल्पाबरोबर संपते आणि पगार बेताचा, हे खरे. पण वर्ष-दीड वर्षात तुला खऱ्या डेटावर काम, एखाद्या निबंधात नाव आणि तुला जवळून ओळखणारी एक शिफारस देणारी व्यक्ती मिळते. तुझ्या अर्जात आज नेमके हेच नाही. मुलाखतीत एक मात्र आवर्जून विचार: या पदावर असताना पीएचडीची नोंदणी करता येईल का? काही ठिकाणी येते, काही ठिकाणी नाही, आणि रुजू झाल्यावर कळले की मनस्ताप होतो.

आता तुझ्या सीव्हीकडे येते. तू ‘पायथन, आर, लिनक्स, मशीन लर्निंग’ अशी यादी आणि पाच ऑनलाइन प्रमाणपत्रे लिहिली आहेस. समितीला यातून काहीच कळत नाही. तू एक प्रश्न घेऊन शेवटपर्यंत गेलीस, असे एक काम दाखव. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, मोठा संगणकही लागत नाही. फक्त विषय मोजून निवड. माणसाचा जीनोम (सगळी जनुकीय माहिती) डीएनएच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, साध्या लॅपटॉपला तो झेपत नाही. क्षयाच्या जंतूचा जीनोम सुमारे ४४ लाख अक्षरांचा, तो आरामात झेपतो. जगभरच्या रुग्णांमधून वेगळ्या केलेल्या क्षयजंतूंचे सिक्वेन्स ईएनए आणि एसआरए या सार्वजनिक संग्रहांत फुकट आहेत. ज्यांची औषधांना दाद देण्याची प्रयोगशाळेतली चाचणीही नोंदलेली आहे असे काही नमुने घे. मग फुकट मिळणारी सॉफ्टवेअर वापर: फास्टक्यूसीने दर्जा तपास, क्षयजंतूच्या एच३७आरव्ही या संदर्भ जीनोमवर बीडब्ल्यूएने बसव, बीसीएफटूल्सने फरक काढ. मग रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला दाद न देणाऱ्या नमुन्यांत आरपीओबी या जनुकात काय बदललेले आहे ते बघ. जागतिक आरोग्य संघटनेने औषधरोधाच्या उत्परिवर्तनांची सूची २०२१ मध्ये काढली आणि २०२३ मध्ये सुधारली. तिच्याशी तुझे निकाल ताडून बघ. बहुतेक नमुने जुळतील. जे जुळणार नाहीत तिथे थांब, तिथेच तुझा प्रश्न आहे. चाचणी चुकली असेल का, नमुन्यात दोन प्रकारचे जंतू मिसळले असतील का, की भारतात जास्त आढळणाऱ्या लिनिएज (वंशशाखा) १ आणि ३ मध्ये काही वेगळे घडते आहे?

हे करताना तुला असे काही कळेल जे प्रमाणपत्राच्या कोर्समध्ये कळत नाही. आरपीओबीमधला सगळ्यांत नेहमीचा बदल जुन्या निबंधांत ५३१ व्या जागी लिहितात आणि नव्यांत ४५० व्या, कारण जुने क्रमांक ई. कोलाय या जिवाणूवरून घेतलेले होते. ज्याने हात घातला नाही तो इथे गोंधळतो. मुलाखतीत असा तपशील सहज बोलण्यात आला की समितीतली माणसे सरसावून बसतात. मी स्वतः बसले आहे. कोड गिटहबवर ठेव आणि सोबत काय केले, काय जमले नाही, हे दोन पानांत स्वच्छ लिही. क्षयच हवा असे नाही. पिकावरची कीड, डेंग्यूचा विषाणू, तुला जे खरेच जाणून घ्यायचे आहे ते घे.

शिकायचे साधन फुकट आहे. ईएमबीएल-ईबीआयचे ऑनलाइन धडे, गॅलक्सी या ऑनलाइन व्यासपीठाचे प्रशिक्षण (यात विश्लेषणही त्यांच्या सर्व्हरवर चालते), एनपीटीईएलचे कोर्स. ‘बायोइन्फर्मॅटिक्स इंटर्नशिप’ म्हणून हजारो रुपये घेऊन शेवटी प्रमाणपत्र हातात ठेवणाऱ्यांपासून दूर राहा. इंटर्नशिपमध्ये पैसे तुझ्याकडून जायला नकोत.

मेल कसा लिहायचा? तुझ्या नमुन्यातल्या पहिल्या तीन ओळी ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ या अर्थाच्या आहेत. त्या काढ. इंग्रजीत लिहायचे, पण आशय साधारण असा ठेव: ‘तुमच्या लॅबमधल्या अमुक प्रकल्पाच्या जाहिरातीसाठी लिहीत आहे. तुमच्या गेल्या वर्षीच्या निबंधातला सार्वजनिक डेटा घेऊन मी त्यातली दुसरी आकृती पुन्हा काढून पाहिली. एका गटात माझा आकडा तुमच्यापेक्षा कमी येतो, बहुधा मी गाळणी वेगळी लावल्यामुळे. माझा कोड इथे आहे. या प्रकल्पात असेच विश्लेषण लागणार असेल तर मला काम करायला आवडेल.’ दहा ओळींच्या आत, सीव्ही जोडलेला, विषयाच्या ओळीत पदाचे नाव. असा मेल तयार करायला चार-पाच दिवस जातात, त्यामुळे शेकड्याने जाऊच शकत नाहीत. महिन्याला तीन गेले तरी पुष्कळ. दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर, नंतर सोडून दे.

परदेश सोडून दे असे मी म्हणत नाही. फक्त व्यक्तींऐवजी कार्यक्रमांकडे बघ, कारण तिथे जागा आणि पैसा आधीच ठरलेला असतो: हायडेलबर्गच्या ईएमबीएल या प्रयोगशाळेचा आंतरराष्ट्रीय पीएचडी कार्यक्रम, मॅक्स प्लांक संस्थांच्या आयएमपीआरएस या पीएचडीच्या शाळा, व्हिएन्नाजवळची आयएसटीए आणि जपानमधली ओआयएसटी या संशोधन संस्था. युरोपीय संघाच्या निधीवरची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क्स तर तुझ्यासाठी फारच सोयीची आहेत. त्यांना राष्ट्रीयत्वाची अट नाही. अट अशी की ज्या देशात पद आहे तिथे तू मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली किंवा काम केलेली नसावीस. सगळे आयुष्य पुण्यात काढलेल्या मुलीला ही अट आपोआप पूर्ण होते. ही पदे नोकरीच्या करारावर असतात आणि जाहिराती ‘युराक्सेस’ या संकेतस्थळावर येतात. अमेरिकेचे अर्ज बहुतांशी डिसेंबरात बंद होतात, फी लागते, पण माफी मागता येते. २०२५ मध्ये तिथल्या संशोधन निधीला कात्री लागून काही विद्यापीठांनी प्रवेश कमी केले, म्हणून या घडीला सगळी भिस्त अमेरिकेवर ठेवू नकोस.

आईचे म्हणणे मी बाजूला सारत नाही. घराला तुझ्या पगाराची गरज असेल तर हिंजवडीची नोकरी घ्यावीस आणि ती हार समजू नयेस. डेटा नीट हाताळणे, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणे, वेळेत काम पुरे करणे, हे सगळे पुढे उपयोगी पडते. मात्र विज्ञानाशी धागा टिकवायचा असेल तर आठवड्यातले ठरलेले तास त्या क्षयाच्या कामासाठी राखून ठेव आणि येणाऱ्या नेटला बस. गरज नसेल, आणि पत्रावरून तरी ती तितकी निकडीची वाटत नाही, तर मी आधी पुण्यातल्या प्रकल्पांच्या जागांसाठी एक वर्ष देईन. बाबांना हे आकड्यांनीच पटेल: एका बाजूला प्लॉट आणि चार वर्षांचा खर्च, दुसऱ्या बाजूला दरमहा हातात येणारी रक्कम. दोन्ही कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेव.

शिफारसपत्रांचे तू विचारले नाहीस, पण इथेच अनेक चांगले अर्ज पडतात. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सर म्हणाले की मुले गौरवाचे एक पान लिहून नेतात आणि तिन्ही पत्रे एकाच भाषेत बोलू लागतात. वाचणाऱ्याला ते लगेच कळते. तू पत्राऐवजी मुद्द्यांचा कागद ने: प्रोजेक्टमध्ये काय केले, कुठे अडले, कसे सोडवले, त्यांच्या वर्गात कोणता प्रश्न विचारला होता. परदेशी अर्जांत पोर्टल थेट त्यांच्या मेलवर दुवा पाठवते, हे आधी सांगून ठेव. निदान महिनाभर आधी विचार आणि मुदतीच्या आठवडाभर आधी प्रत्यक्ष भेट. मेलवर विसंबू नकोस.

मुलाखतीत अवघड कोड कुणी लिहायला लावत नाही. ब्लास्टची (सारखे सिक्वेन्स शोधणारे साधन) ई-व्हॅल्यू म्हणजे काय, डेटाबेस मोठा झाला की ती का बदलते, हजारो जनुकांची एकदम तुलना करताना पी-व्हॅल्यू तशीच का वापरू नये, असे मुळातले प्रश्न येतात. तुझ्या सीव्हीतल्या प्रत्येक शब्दावर असे तीन प्रश्न स्वतःला विचार. ज्या शब्दावर अडशील तो एक तर शिकून घे, नाही तर सीव्हीतून काढ. ‘मशीन लर्निंग’पासून सुरुवात कर.

तुझी ताई